निर्वासितांचा परतीचा प्रवास : मायभूमीशी समेट आणि नव्या पाहुण्यांचे स्वागत

निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला घर सोडल्याचा पहिला दिवस आठवतो. पत्र्याची पेटी, आईने बांधून दिलेली भाकरी आणि एस. टी. वळणाआड जाईपर्यंत फाट्यावर उभी राहिलेली माणसे. त्या दिवसाचे दुःख खरे असते. तथापि त्या दुःखाला एक आधारही असतो. दिवाळीची सुट्टी केव्हा लागणार, हे मुलाला ठाऊक असते. निर्वासिताच्या वाट्याला नेमकी हीच गोष्ट येत नाही. त्याच्याजवळ परतीची तारीख नसते. ज्या घराला त्याने कुलूप लावले, त्या घरात पुढे कोण राहणार, आईवडिलांच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ असू की नाही, आपल्या मुलांना आपली भाषा येईल की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर निघताना त्याला मिळत नाही.

अशा माणसांपुढे कालांतराने दोन प्रश्न उभे राहतात. ज्या सत्तेमुळे देश सोडावा लागला तीच सत्ता तेथे कायम असताना मायभूमीशी समेट कसा करावयाचा, हा पहिला. आपण ज्या दारातून परक्या देशात आलो, त्याच दारात उद्या दुसरे निर्वासित येऊन उभे राहिले तर आपण काय करावयाचे, हा दुसरा. अमेरिकेत गेलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही प्रश्नांना तोंड दिले आहे. त्यांचा अनुभव समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

देश आणि पाणी

व्हिएतनामी भाषेत ‘नुओक’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : पाणी आणि देश. भातशेतीवर आणि नद्यांवर जगणाऱ्या समाजाने देशाला पाण्याचे नाव द्यावे हे स्वाभाविकच होते. पण त्याच समाजातील लक्षावधी माणसांना पुढे देश गमावून पाण्यावर तरंगावे लागले.

ही कथा १९७५ च्या आधीच सुरू होते. १९५४ च्या जिनिव्हा करारान्वये व्हिएतनामची सतराव्या अक्षांशाजवळ तात्पुरती विभागणी झाली. त्या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे त्याचे अन्य सदस्य. विभागणीनंतर आठ ते दहा लाख माणसे उत्तरेकडून दक्षिणेकडे आली. त्यात कॅथलिक कुटुंबांची संख्या मोठी होती. म्हणजे १९७५ साली ज्यांना देश सोडावा लागला, त्यांच्यापैकी अनेकांच्या आयुष्यातील ते दुसरे स्थलांतर होते.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले आणि युद्ध संपले. हाच दिवस व्हिएतनाममध्ये मुक्तिदिन म्हणून साजरा होतो, तर परदेशस्थ व्हिएतनामी समाज त्या महिन्याला ‘काळा एप्रिल’ म्हणतो. एकाच तारखेची ही दोन नावे ध्यानात ठेवली की पुढच्या समेटाची अडचण कळते.

त्या वर्षी सुमारे एक लाख तीस हजार निर्वासित अमेरिकेत पोहोचले. त्यांपैकी बहुतेकांचा पहिला मुक्काम ग्वाम बेटावर पडला. नंतर कॅलिफोर्निया, आर्कान्सा, फ्लॉरिडा आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांतील चार लष्करी तळांवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. स्वागत सर्वत्र प्रेमाने झाले असे नाही. त्या वेळच्या गॅलप जनमत चाचणीत ५४ टक्के अमेरिकन नागरिकांनी निर्वासितांना विरोध दर्शविला होता, तर ३६ टक्के अनुकूल होते. कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राऊन यांच्या प्रशासनाने या स्थलांतराला आक्षेप घेतला. उलट वॉशिंग्टन राज्याचे राज्यपाल डॅन इव्हान्स यांनी आपला सहायक कॅलिफोर्नियातील छावणीत पाठवून निर्वासितांना आपल्या राज्यात येण्याचे निमंत्रण दिले. माणसे तीच, प्रसंग तोच. पण एका शासनाला त्यांत ओझे दिसले आणि दुसऱ्याला नागरिक दिसले.

छावणीतून बाहेर पडण्यासाठी सामान्यतः एखादा पुरस्कर्ता लागे. एखादे चर्च, एखादी संस्था किंवा एखादे कुटुंब निवारा, कपडे, नोकरी आणि मुलांची शाळा यांची हमी घेई. लॉस एंजेलिसमध्ये आधीपासून अध्यापन करणारे भिक्षू थिक थिएन आन यांनी आपल्या ध्यानकेंद्राची दारे निर्वासितांसाठी उघडली. अपरिचित माणसाने हमी घ्यावी आणि परक्याने त्या विश्वासावर नवे आयुष्य उभारावे, ही गोष्ट त्या पिढीच्या मनावर कायमची कोरली गेली.

मागे राहिलेल्यांची स्थिती बिकट होती. दक्षिणेकडील सैन्यातील अधिकारी आणि शासकीय सेवक यांना ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत बोलावण्यात आले. थोड्या दिवसांत परत येऊ, असे समजून निघालेली माणसे कित्येक वर्षे परतली नाहीत. काहींना पंधरा वर्षांहून अधिक काळ तेथे काढावा लागला. दुसरीकडे लहान नौकांतून समुद्र ओलांडण्याचा धोका लोक पत्करू लागले. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत सुमारे आठ लाख माणसे अशा रीतीने आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांना लागली. वादळे, तहान आणि समुद्री चाचे यांना किती बळी पडले, याची मोजदाद कोणालाही करता आली नाही. १९७९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने सुव्यवस्थित प्रस्थानाची योजना सुरू झाली. १९८९ च्या करारानंतर किमान तीन वर्षे छावणीत राहिलेल्या कैद्यांना कुटुंबासह अमेरिकेत जाता येऊ लागले.

समेटाच्या तीन गाठी

मायभूमीशी समेट हा शब्दप्रयोग एकेरी वाटतो, परंतु त्यात तीन वेगवेगळ्या गाठी आहेत. पहिली मातीशी, म्हणजे गाव, भाषा आणि मागे राहिलेली आप्तमंडळी यांच्याशी. दुसरी मृतांशी. तिसरी सत्तेशी. या तिन्ही एकाच वेळी सुटत नाहीत आणि एक सुटली म्हणून दुसरी सुटेलच असेही नाही.

मातीची ओढ सर्वांत आधी जागी झाली. ग्वामवर पोहोचलेल्यांपैकी सुमारे दीड हजार माणसांना आपण चुकून वा घाईत देश सोडला असे वाटू लागले. कोणाची पत्नी मागे राहिली होती, कोणाची मुले. त्यांनी परत जाण्याचा हट्ट धरला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘व्हिएतनाम थुओंग तिन’ नावाच्या जहाजातून ती माणसे निघाली. मायदेशी पोहोचल्यावर त्यांना छावण्यांत डांबण्यात आले; जहाजाच्या कप्तानाने तर बारा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढला. प्रेमाने परतलेल्यांची ही गत पाहून इतरांचा धीर खचला. त्यानंतर अनेक वर्षे मायभूमीशी नाते टिकले ते टपालाच्या पुडक्यांतून. औषधे, कापड, साबण असे जे धाडता येईल ते भावंडांना धाडले जाई आणि त्या वस्तू विकून मागची कुटुंबे दिवस काढीत.

१९८६ च्या डिसेंबरात व्हिएतनामच्या सत्ताधारी पक्षाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे आर्थिक धोरण स्वीकारले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठविली आणि ११ जुलै १९९५ रोजी उभय देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्याची घोषणा झाली. युद्धात कैद भोगलेले जॉन मॅकेन आणि युद्धातून परतून त्यालाच विरोध करणारे जॉन केरी, या दोन सिनेटरांचा या कामी मोठा वाटा होता. विमाने सुरू झाली. ‘व्हिएत किउ’, म्हणजे परदेशस्थ व्हिएतनामी, ही एकेकाळी संशयाने उच्चारली जाणारी संज्ञा हळूहळू आदराची झाली. २००४ मध्ये पक्षाच्या पॉलिट ब्युरोने एका ठरावाद्वारे परदेशस्थ समाज हा राष्ट्राचा अविभाज्य घटक असल्याचे जाहीर केले आणि २००७ पासून त्यांना प्रवेशपत्राच्या अटीतून सवलत मिळाली. या उदारतेमागे आर्थिक हिशेब होता, हे लपविण्याचे कारण नाही. परदेशातून येणारा पैसा व्हिएतनामच्या अर्थव्यवस्थेचा एक आधार झाला होता. तरीही हिशेबाने उघडलेल्या दारातून जी वृद्ध माता पंचवीस वर्षांनी आपल्या बहिणीला भेटली, तिचे अश्रू हिशेबाचे नव्हते.

मृतांची गाठ अधिक नाजूक होती. व्हिएतनामी कुटुंबात पूर्वजांचे स्थान मोठे आहे. ‘तेत’ या नववर्षाच्या सणापूर्वी कबरी झाडून स्वच्छ करावयाच्या आणि पूर्वजांना घरी येण्याचे निमंत्रण द्यावयाचे, अशी प्रथा आहे. सायगॉनजवळ बिएन होआ येथे दक्षिणेच्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. तेथे सुमारे सोळा हजार कबरी आहेत. युद्धानंतर ती जागा लष्कराच्या ताब्यात गेली, नातेवाइकांना तेथे सहजी जाता येईना, झाडांची मुळे कबरींत शिरली. २००६ मध्ये ती मुलकी प्रशासनाकडे सोपविण्यात आली आणि मग दूरदेशींची मुले व नातवंडे उदबत्ती घेऊन तेथे जाऊ लागली. उत्तरेच्या घरांतही दुःख कमी नव्हते. त्यांच्या एक लाखाहून अधिक सैनिकांचे अवशेष आजतागायत सापडलेले नाहीत. त्यांच्या मातांना कबरही मिळाली नाही. जिंकलेल्या आणि हरलेल्या घरांतील शोक इतका सारखा होता.

तिसरी गाठ सत्तेशी. ती अनेकांच्या बाबतीत सुटलेली नाही. दक्षिण व्हिएतनामचे माजी पंतप्रधान न्युएन काओ की २००४ मध्ये मायदेशी गेले, तेव्हा निर्वासित समाजातील पुष्कळांनी त्यांना दोष दिला. विख्यात संगीतकार फाम झुई २००५ मध्ये कायमचे परतले. त्यांच्यावरही टीका झाली. त्यापूर्वी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर येथे एका दुकानदाराने हो चि मिन्ह यांचे चित्र दुकानात लावले म्हणून हजारो माणसे रस्त्यावर उतरली आणि ते आंदोलन सुमारे दोन महिने चालले. बाहेरच्या माणसाला हे अतिरेकी वाटेल. पण ज्याने दहा वर्षे छावणीत काढली, ज्याचा भाऊ समुद्रात बुडाला, त्याला “आता विसरा” असे सांगण्याचा अधिकार ज्याने काहीच गमावले नाही त्याला पोहोचत नाही. विसरणे आणि समेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जखमेचे नाव घेण्यास बंदी असेल तर तेथे शांतता दिसेल, समेट दिसणार नाही.

सर्वांसाठी समान प्रार्थना

या संदर्भात भिक्षू थिक न्यात हन्ह यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९२६ मध्ये जन्मलेल्या या भिक्षूंनी युद्धकाळात तरुणांना संघटित करून उद्ध्वस्त खेडी पुन्हा उभारण्याचे कार्य केले. १९६६ मध्ये शांततेचे आवाहन करण्यासाठी ते पाश्चात्त्य देशांत गेले आणि परतीची वाट बंद झाली. ते कोणत्याही एका पक्षाचे नव्हते, म्हणून दोन्ही पक्षांना नकोसे झाले. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले. १९८२ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण भागात ‘प्लम व्हिलेज’ हा विहार स्थापन केला. स्वतः निर्वासित असताना त्यांनी समुद्रात भरकटलेल्या नौकांतील माणसांना वाचविण्याची मोहीमही चालविली होती.

एकोणचाळीस वर्षांनी, जानेवारी २००५ मध्ये, त्यांना मायदेशी जाता आले. त्यांच्या या भेटीवरही आक्षेप आले. कारण त्याच वेळी एकीकृत बौद्ध संघाचे ज्येष्ठ भिक्षू थिक क्वांग दो नजरकैदेत होते. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. २००७ मध्ये थिक न्यात हन्ह पुन्हा गेले आणि हो चि मिन्ह नगर, हुए व हनोई या तीन ठिकाणी त्यांनी युद्धातील मृतांसाठी महाप्रार्थना घडवून आणल्या. त्यांत उत्तर आणि दक्षिण असा भेद नव्हता. सैनिक आणि सामान्य नागरिक असा भेद नव्हता. समुद्रात बुडालेल्यांचेही स्मरण होते. ज्यांच्यासाठी उघडपणे रडण्याची तीस वर्षे सोय नव्हती, त्यांच्यासाठी माणसे एकत्र बसून रडली.

पुढील मार्ग सुकर झाला असे मात्र नाही. २००९ मध्ये त्यांच्या परंपरेतील शेकडो तरुण भिक्षू-भिक्षुणींना बात न्हा विहारातून बाहेर घालविण्यात आले. तरीही आयुष्याच्या अखेरीस, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आजारी अवस्थेत ते हुए येथील आपल्या मूळ विहारात परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. सत्तेने पूर्ण न्याय केल्यावरच मातीकडे वळायचे, अशी अट त्यांनी घातली नाही. आणि मातीकडे वळल्यामुळे अन्यायाला न्यायही म्हटले नाही.

पुन्हा तेच दृश्य

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. विमानतळाकडे धावणारी गर्दी, कुंपणावरून वर उचललेली मुले, दूतावासावरून उडणारे हेलिकॉप्टर. अमेरिकेतील व्हिएतनामी घरांत ही दृश्ये पाहताना वृद्धांना ४६ वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवला. त्या ऑगस्टात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांना विमानांनी बाहेर काढण्यात आले. अमेरिकेच्या शासनाने ‘ऑपरेशन अलाइज वेलकम’ या नावाने, म्हणजे युद्धकाळातील सहकाऱ्यांचे स्वागत म्हणून, एक योजना आखली. तिच्याद्वारे पंचाहत्तर हजारांच्या आसपास अफगाण नागरिक अमेरिकेत आले आणि आठ लष्करी तळांवर त्यांची सोय झाली. दुभाषे, वाहनचालक, सैनिक, आणि त्यांची बायकामुले.

त्याच महिन्यात सिएटल येथे व्हिएतनामी वंशाच्या काही तरुणांनी ‘व्हिएट्स फॉर अफगाण्स’ हा गट स्थापन केला. पंचाहत्तर अफगाण कुटुंबांना साह्य करण्यासाठी पंचाहत्तर व्हिएतनामी कुटुंबे पुढे आणावयाची, असा त्यांचा संकल्प होता. पंचाहत्तर हा आकडा १९७५ या सालावरून घेतलेला होता. ज्या वॉशिंग्टन राज्याने त्यांच्या आईवडिलांना निमंत्रण दिले, त्याच राज्यातून हा संकल्प निघावा, हे लक्षणीय आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुरस्कर्ता मंडळांची योजना सुरू झाली. किमान पाच प्रौढ व्यक्तींनी एकत्र यावयाचे, प्रत्येक निर्वासितामागे किमान २,२७५ डॉलर उभे करावयाचे, आणि घर, शाळा, वैद्यकीय मदत व नोकरी यांसाठी निदान पहिले तीन महिने पाठीशी राहावयाचे, असे तिचे स्वरूप होते. १९७५ ची हमी नव्या रूपात परतली.

अशा स्वागताचे मोल भाषणात नसते. घर भाड्याने घेताना मागील वास्तव्याचा पुरावा मागितला जातो; तो निर्वासिताकडे नसतो. शाळेचा अर्ज परक्या भाषेत असतो. दवाखान्याची वेळ कशी घ्यावयाची, बसचे तिकीट कसे काढावयाचे, ओळखीचे धान्य कोणत्या दुकानात मिळते, हे सारे कोणीतरी सोबत चालून दाखवावे लागते. एकेकाळी ज्याला हे कोणी दाखविले, किंवा कोणीच दाखविले नाही, त्याला नेमके काय लागते हे न विचारता कळते.

तथापि एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. दुःख भोगलेला प्रत्येक माणूस करुणावान होतोच असे नाही. स्वतःच्या कष्टांची आठवण “आम्ही सोसले, तुम्हीही सोसा” अशा कठोरपणातही बदलू शकते. व्हिएतनामी समाजातही नव्या निर्वासितांविषयी एकमत नव्हते. दुःखाचा अर्थ नीट पाहिला, त्यात आपल्याला कोणाचा हात मिळाला होता हे आठवले, तरच त्यातून मैत्री उपजते.

घराचे दार आणि कायद्याचे दार

स्वागताला कायद्याचीही जोड लागते. १९७५ मध्ये व्हिएतनामी निर्वासित जसे तात्पुरत्या प्रवेशाच्या अधिकाराखाली आले, तसेच बहुसंख्य अफगाणही मानवतावादी तात्पुरत्या प्रवेशावर आले. परंतु १९७७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून व्हिएतनामी निर्वासितांना कायम वास्तव्याची वाट मोकळी केली. अफगाणांसाठी असेच विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मांडले गेले. ते संमत झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांच्या प्रवेशाचा कार्यक्रमच थांबविण्यात आला आणि त्याच वर्षी अफगाण नागरिकांना मिळणारे तात्पुरते संरक्षणही संपुष्टात आले. शेजाऱ्याने घर उघडले तरी शासनाने वर्षावर्षाची मुदत घातली, तर निर्वासिताची पेटी उघडी होत नाही. ती पलंगाखाली बांधलेलीच राहते.

‘सहकारी’ या शब्दाविषयीही विचार केला पाहिजे. युद्धात ज्याने आपल्या बाजूने जोखीम घेतली त्याला संकटात सोडू नये, हे उघड कर्तव्य आहे. पण तो शब्द युद्धाचा आहे. दुभाषा सहकारी ठरतो. त्याच गल्लीतील विधवा, जिचा युद्धाशी संबंध एवढाच की त्यात तिचा नवरा गेला, ती कोणाचीच सहकारी ठरत नाही. २००७ च्या महाप्रार्थनेचा अर्थ येथे उपयोगी पडतो. मृतांसाठी प्रार्थना करताना जो भेद आपण करू नये असे मानतो, तो जिवंतांना आश्रय देताना किती करावा, हा प्रश्न प्रत्येक समाजाने स्वतःला विचारावयास हवा.

मायभूमीशी समेट आणि परक्यांचे स्वागत या दोन गोष्टी परस्परांना पूरक आहेत, असे या अर्धशतकावरून दिसते. ज्याला आपल्या मृतांसाठी रडता आले, त्याला दुसऱ्याच्या रडण्याला जागा देता येते. आणि ज्याने दुसऱ्याचे घर उभे करण्यास हात लावला, त्याला आपल्या सोडलेल्या घराकडे कमी कडवटपणे पाहता येते.

आपल्या वसतिगृहात दर वर्षी जूनमध्ये नवी मुले येतात. पहिल्या रात्री एखादे मूल न जेवता कोपऱ्यात बसून राहते. त्याच्याजवळ बहुधा गेल्या वर्षी आलेला मुलगा जाऊन बसतो. भोजनगृह कोठे, पाण्याची टाकी कोठे, सकाळची घंटा केव्हा होते, हे तो सांगतो आणि आपल्या ताटातील भाकरीचा अर्धा तुकडा पुढे करतो. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. त्याला स्वतःचा पहिला दिवस अजून आठवत असतो, एवढेच.